उघाडीपाशी घेतलेले नाव

बाळाराम,

काल उघाडीपाशी आम्ही थांबलो. तुझे नाव मी घेतले. नियमाप्रमाणे त्यानंतर पुढे चालायचे होते. कोणीही चालले नाही.

तुझा नियम तुझ्याच जागी मोडला गेला की पाळला गेला, याचा विचार मी कालपासून करतो आहे. तुझ्याविषयी चार शब्द लिहावेत असे पाड्यातल्या तरुण मंडळींनी सुचवले होते. तू कधी जन्मलास आणि कशाने गेलास हे त्यांना ठाऊक आहे, आणि तुला तर असणारच. ते मी लिहीत नाही. मी थोरल्या पाण्याविषयी लिहितो. त्या पाण्याआधी आपण केवळ शेजारी होतो.

पाड्याबाहेरची माणसेही हे वाचतील, म्हणून थोडे सांगावे लागते; आपल्या बोलीत ड-ढचा पुष्कळदा र होतो आणि ळचा ल, इथपासून. तुला कंटाळा येईल. ऐकून घे.

मुलुंडच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्यामध्ये आपला पाडा. पाड्याच्या पुढे भातशेती, शेतीच्या पुढे मातीचा बांध, आणि बांधापलीकडे खाडी. बांध सर्वांचा, पण त्याचे वाटे घरटी ठरलेले. एकाचा वाटा कोठे संपतो आणि दुसऱ्याचा कोठे सुरू होतो, हे दाखवायला धोंडे पुरलेले. आपापला वाटा ज्याने त्याने बांधायचा, आणि दुसऱ्याच्या वाट्यावर मालकाच्या परवानगीवाचून फावडे टाकायचे नाही. भावाभावांत वैर असले तरी ही रीत कोणी मोडली नाही. बांधात एके ठिकाणी पाणी सोडण्याची लाकडी झडप आहे, तीच उघाडी. ओहोटीला ती उघडायची, शेतातले जास्तीचे पाणी खाडीत सोडायचे. भरतीला बंद करायची, म्हणजे खारे पाणी आत येत नाही. उघाडीच्या एका अंगाला माझ्या घराचा वाटा, त्याला लागून तुझा, आणि तुझ्यापलीकडे कान्हाचा.

आपण तरुण असताना एका श्रावणात डोंगराकडून पाणी आले. अमावास्येचे उधाण होते. खाडी वर चढलेली, नाला फुटलेला, आणि उघाडी गाळाने अशी बसली की ती कोणालाही उघडेना. बांधाच्या आत पाड्याचे तळे झाले. ते थोरले पाणी. माणसे माळ्यांवर चढली, मग कौले काढून छपरांवर. मी त्या वेळी नुकताच मास्तर झालो होतो. शाळेतली मुले घेऊन मी गावदेवीच्या देवळाच्या जोत्यावर उभा होतो.

भरती उतरू लागली तेव्हा तू बांध फोडलास. अगोदर फोडला असतास तर खाडी आत आली असती. उशीर केला असतास तर घरांच्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या नसत्या. पाड्यातली गुरे गेली. माणूस एकही गेले नाही. पण फोडलेल्या बांधातून पुढच्या भरत्यांना खारे पाणी आत शिरले ते तुझ्या खाचरात. आडव्या बांधांमुळे ते तिथेच अडले. इतरांची शेते गोडी राहिली. तुझ्या शेतात कित्येक वर्षे भात पिकले नाही. तू मिठागरावर कामाला गेलास आणि फावल्या वेळी चिंबोऱ्या धरल्यास. माझ्या आईने एकदा तुझ्या घरी डबाभर तांदूळ पाठवले. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून तू त्यात चिंबोऱ्या घातल्यास. जिवंत. आईने झाकण उघडले आणि तिचा आवाज स्टेशनापर्यंत गेला असावा.

"मेलेल्या दिल्या असत्या तर बोलली असती, बालारामानं शिलं दिलं," असे तू वर मला ऐकवलेस.

पाण्याच्या वाटेने चालायची प्रथा तू सुरू केलीस. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्याने नाल्यापासून निघायचे आणि पाणी ज्या वाटेने आले त्याच वाटेने बांधापर्यंत जायचे. ज्या जागी त्या वेळी जो उभा होता, त्याने त्या जागी उभे राहून सांगायचे. आपल्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे. ऐकीव काही नाही. सांगणारा मरण पावला असेल तर त्याच्या जागी थांबायचे, नाव घ्यायचे, आणि पुढे चालायचे.

हा शेवटचा नियम पहिल्यापासून नव्हता. तो पदूमुळे झाला. शेवंतीकाकी त्या पाण्यात माळ्यावर बसून होती, आणि पाणी माळ्याच्या फळ्यांना लागले एवढे ती दर वर्षी सांगे. ती गेल्यावर तिचा मुलगा पदू सांगू लागला. पहिल्या वर्षी पाणी माळ्यावर आले. दुसऱ्या वर्षी ते कौलांना लागले. तिसऱ्या वर्षी पदूने त्यात एक सुसर सोडली.

"पदू," तू म्हणालास, "तुजे आयशीनं पानी माल्यापत्तर सांगितलं व्हतं. तू कौलांवर नेलंस. पुढल्या साली देवलाच्या कलसावर चरवशील ना रं?"

"पन काका, लोकांना आवरतंय!"

"आवरनारच. सुसर कोनाला आवरत नाय? तिचं लगीन पन लाव."

पाडा हसला. पदूही हसला. त्या दिवशी तू हा नियम केलास, आणि त्याच दिवशी आपला वाद सुरू झाला.

माझे म्हणणे साधे होते. सांगणाऱ्याने आपल्या मुलांना नीट शिकवावे, त्यांच्याकडून घोकून घ्यावे. नाहीतर सांगणारी माणसे जातील तसतसे हे सारे पुसले जाईल. मी तुला विचारले, "शाळेत मी जे शिकवतो ते कोणी डोळ्यांनी पाहिले आहे? मग शाळा बंद करू?"

"तुजा इतिहास राजांचा," तू म्हणालास. "तो फुगला तर कोनाचं घर बुरत नाय. पान्याचा इतिहास फुगला की मानसं भलतीकरंच चरून बसतात. छडी खाली ठेव, मास्तर."

"आणि तू गेल्यावर उघाडीपाशी कोण बोलणार?"

"कोन नाय. नाव घ्या नि चला."

"म्हणजे बांध कोणी फोडला हे नाहीसे होणार."

"बांध हाय ना जाग्यावर? मंग झालं."

या मुद्द्यावर तू चूक होतास असे माझे मत होते. ते मी तुला पुष्कळदा ऐकवले. तू दर वर्षी उघाडीपाशी उभा राहून जे सांगायचास ते इतके थोडे असे की नवख्या माणसाला त्यातून काही कळू नये. भरती उतरली. उघाडी बसली होती. मी माझा वाटा फोडला. पाणी गेले. बस्स. एवढे बोलून तू कमरेवर हात ठेवून पुढे निघायचास, जणू कोणाच्या दारातला केर काढून आला आहेस.

दुसरा वाद आपल्या दोघांपुरता होता. उघाडीजवळ बांध सर्वांत खालचा माझ्या वाट्यात आहे. पाणी तिथून लवकर गेले असते. तुझ्या वाट्यात बांध उंच आणि घट्ट, फोडायलाही कठीण. मग तू माझा का फोडला नाहीस? माझे खाचर खारे झाले असते तर मला पगार होता. तुला शेताशिवाय काही नव्हते. हे मी तुला पाणी ओसरल्यावर विचारले, तुझ्या मुलाच्या बारशाला विचारले, माझ्या निवृत्तीनंतर विचारले. तुझे उत्तर ठरलेले.

"पान्यात काय दिसत व्हतं? हाताला लागला तो फोरला."

मी शिक्षक होतो. खोटे बोलणारा मुलगा मला मागच्या बाकावरूनही ओळखता येई. पण तुझ्याकडून खरे काढता आले नाही.

पाड्याच्या भोवती काय काय बदलले हे तू पाहिलेस. लोहमार्गाच्या पलीकडे निर्वासितांची वस्ती झाली, आग्रा रोडवर कारखाने आले, आणि आपल्या वाटेवर, जिथे गुरे बांधत, तिथे चाळ उभी राहिली. पहिल्या वर्षी आपण तीस-चाळीस माणसे चाळीच्या अंगणातून जाऊ लागलो तेव्हा गॅलरीतून एक बाई ओरडल्या. मालवणकडच्या होत्या. नवरा कुठल्याशा कचेरीत.

"अहो, मिरवणूक कसली? देव खंय आसा?"

"देव नाय, बाय. पानी," तू म्हणालास.

"पाण्याची मिरवणूक?"

"पानी या वाटनं आलं व्हतं. त्याची वाट इसरू नये म्हनून चालतो. तुमची चूल कुठं हाय?"

"ती काय, खिडकीखाली."

"तिथं त्या वक्ताला माजा बैल उभा व्हता. मानेपत्तर पान्यात."

बाई आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे तांदळाचे पिंप फळीवर चढले होते आणि साऱ्या चाळीत ते पाहून हशा चालला होता. पुढे एका पावसाळ्यात नाल्याचे पाणी चाळीत शिरले, आणि हसणाऱ्या सगळ्यांनी त्या बाईंकडे तांदूळ उसने मागितले. त्यानंतर चाळीतली माणसेही आपल्याबरोबर चालू लागली. ती काही सांगत नसत. त्यांनी पाहिलेले नव्हते. तू त्यांना म्हणालास, "आयका. तुमच्या वाट्याचं पानी येईल तवा सांगा." त्यांना ते शुभ वाटले नाही. मला मात्र त्या दिवशी तुझ्याबरोबर उभे असल्याचा अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

आषाढात तुझा श्वास लागला. मी येऊन बसे. आवडीवहिनी पेज देत, तू ती घेत नसस, आणि आपण त्यावरून भांडत असू. शेवटी एकदा मी विचारलेच, "यंदा तुझ्या जागी काय करायचे?"

"नियम ठावं हाय तुला."

"ठाऊक आहे. पटत नाही."

"पटंल," तू म्हणालास. मग, "नारायन, माजा वाटा यंदा कच्चा रायलाय. पोराला कारखान्यातून फुरसत नाय. बगून ठेव." बघून ठेव म्हणालास. फावडे टाक म्हणाला नाहीस. तेवढी परवानगी तू दिली नाहीस, आणि मीही मागितली नाही.

काल सकाळी आम्ही नाल्यापासून निघालो. पाऊस नव्हता. पुढे मी होतो, कारण आता कोणीतरी पुढे असायला हवे. शेवंतीकाकीच्या जागी नाव घेतले. पदूने सुसरीचे नाव काढले नाही, फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. चाळीच्या अंगणात सारे भाडेकरू खाली उतरून उभे होते. मालवणच्या बाईंनी, कोणी सांगितले नसताना, तुझा बैल जिथे उभा होता ती जागा शेणाने सारवून ठेवली होती. बैलाचे नाव काय होते, असे त्यांनी मला विचारले. मला आठवले नाही. वहिनींना आठवले. पाखऱ्या. बाईंनी त्या बैलाचेही नाव घेतले. याला नियमात आधार नाही, पण हरकतही सापडली नाही.

मग उघाडी.

"बाळाराम," मी म्हणालो, आणि पुढे पाऊल टाकले. माझ्या मागे एकही पाऊल वाजले नाही. मी वळलो. माझ्या मनात त्या क्षणी एकच होते: हा माणूस आता या पाड्यातून गेला. आणखी दहा वर्षांनी इथे फक्त एक नाव उरेल, आणि त्या नावाने काय केले हे कोणालाही सांगता येणार नाही.

तेवढ्यात आवडीवहिनी बोलल्या. नवऱ्याच्या जागी बायकोने बोलायची रीत नाही. त्या तुझ्या जागी उभ्याही राहिल्या नाहीत. दोन पावले अलीकडे थांबल्या.

"मी उंबऱ्यात व्हते. पानी छातीला. यानं फावरा मागितला. मी बोलले, या पान्यात फावरा काय करशील? बोलला, दे. मी दिला. मी एवरंच पायलं."

मग हिराबाई, तुझी शेजारीण, जी त्या वेळी चिंचेवर चढून बसली होती: "बांधावर येक मानूस पायला. येकटाच. वाकायचा, उठायचा, वाकायचा. कोन तो दिसला नाय. पन तसा वाकतो बालारामच. लग्नात पंगत वारतानाही तसाच वाकायचा."

कोणीतरी हसले. हिराबाईने डोळे पुसले आणि हसणाऱ्याला शिवी दिली.

त्यानंतर जे झाले ते तुला सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. कान्हा पुढे आला. होय, कान्हा. तुझ्या भगदाडाने त्याच्या वाट्याचा कोपरा ओढून नेला म्हणून जो इतकी वर्षे वाटेने चालला नाही, जो दर वर्षी आपण बांधावर आलो की आपल्या होडीत पाठ करून बसायचा, तो. तो होडीतून उतरला, चिखलातून वर आला, आणि काठी रोवून उभा राहिला.

"मी हितंच व्हतो. होरीत," कान्हा म्हणाला. "होरी या खांबाला बांधलेली. मी पायलंय. कोनी इचारलं नाय, मंग मी कशाला सांगू?"

"आता सांग," मी म्हणालो.

"सांगतंय ना, मास्तर. दम धर. यो आधी तुज्या बांधावर गेला. तुज्या. तिथं बांध खालचा. फावरा वर उचलला. मी होरीतून वरडलो, घाल तिथंच! तिथून पानी लवकर जाईल, नि माजा बांध पन वाचंल. काय खोटं बोलायचं, माजा बांध वाचावा म्हनूनच वरडलो. यानं फावरा खाली घेतला. धोंड्याकडं बगितलं. नि मला बोलला..."

कान्हा थांबला. त्याला खोकला आला. सारा पाडा त्याचा खोकला संपण्याची वाट पाहत होता.

"बोलला, 'त्याचा मालक हितं नाय.' नि धोंडा वलांडून सोताच्या बांधावर आला."

बाळाराम, इतकी वर्षे तू मला सांगितलेस की पाण्यात काही दिसत नव्हते. तुला धोंडा दिसत होता. बांधाच्या माथ्याशी पाणी आलेले, मागे पाडा बुडत असताना, तुला माझ्या वाट्याचा धोंडा दिसत होता, आणि मी तिथे नाही हेही दिसत होते. आणि हे मला कळू नये, मला ओझे होऊ नये, म्हणून तू मरेपर्यंत आंधळा झालास. तुला काय म्हणावे हे मला अजून सुचलेले नाही. मी चांगला वक्ता समजला जातो.

सारे माझ्याकडे पाहू लागले. माझी जागा देवळापाशी. तिथे मी दर वर्षी मुलांविषयी सांगतो. कोण रडत होते, कोणाला मी खांद्यावर घेतले होते. त्यापलीकडे मी कधी काही सांगितले नव्हते, कारण ते महत्त्वाचे वाटले नव्हते. उघाडीपासून देवळाचे जोते दिसते. मी तिकडे बोट केले.

"मी तिथे होतो," मी म्हणालो. "पाणी माझ्या कमरेला होते. मग गुडघ्याला आले. मग घोट्याला. ते का उतरते आहे हे मला कळत नव्हते. मी एवढेच पाहिले."

माझा आवाज ठीक होता. हिराबाई म्हणते ठीक नव्हता. ती चिंचेवरून पाहणारी बाई. तिचे फार मनावर घेऊ नये.

मग आम्ही पुढे चाललो.

आपला पहिला वाद येथे संपतो. फावडे कोणी दिले, बांधावर कोण वाकले, धोंडा कोणी ओलांडला आणि पाणी कोठे उतरले, हे सारे काल सांगितले गेले, आणि कोणीही आपल्या डोळ्यांपलीकडचा एक शब्द बोलला नाही. सुसर आली नाही. तुझा नियम तुझ्या जागी पाळला गेला. मी म्हणत होतो की माणूस गेला की गोष्ट जाते. तू म्हणायचास, बांध आहे ना जागेवर. तुझे बरोबर होते. हे मी लिहून देतो. तोंडी दिले असते तर तू सगळ्या पाड्याला सांगत फिरला असतास.

दुसरा वाद मात्र मी सोडणार नाही.

परतताना आवडीवहिनी माझ्या घराशी थांबल्या. त्यांच्या हातात फावडे होते. दांडा नवा, पाते तेच. "भातकापनी झाली का बांधाला माती लागंल," त्या म्हणाल्या. "पोराला जमनार नाय. तुमी घ्या, भावजी." मी ते घेतले. ते माझ्या ओसरीवर ठेवले आहे. हे लिहिताना समोर दिसते आहे.

कापणीनंतर मी तुझ्या वाट्यावर जाईन. माझे वय झाले आहे, पण चिखलाचे ढेकूळ अजून उचलता येते. धोंड्यापाशी मी थांबेन, तू थांबला होतास तसा. आणि मग तो ओलांडून तुझ्या बांधावर फावडे टाकीन. त्याचा मालक इथे नाही, हे मला दिसते आहे. तरीही टाकीन. हरकत असेल तर येऊन सांग.

नारायण